वाफसा

ट्यूक्सबरीत दोन नद्या मिळतात, सेव्हर्न आणि एव्हन,
आणि दोघी तोंडाळ.
माझा भाजीचा तुकडा त्यांच्या हाकेच्या अंतरावर, नंबर चौदा:
जानेवारीत डबकं, जुलैत खापर.

घेवडा लावला, बुडाला.
पुन्हा लावला, वाळला.
तेव्हा पंधरा नंबरची ग्लेनिस प्रॉसर
कुंपणावरून एवढंच म्हणाली, "लाकूड पुर."

रस्त्याकडेचे ॲश तोडले होते कौन्सिलनं, रोग पडलेले.
इथल्या भाषेत त्या झाडाचं आणि राखेचं नाव एकच.
न जळताच राख म्हणवून घेणारे ते ओंडके
मी एकचाकी गाडीतून सतरा खेपांत आणले.
अठरावी पाठीनं नाकारली.

गुडघाभर चर. तळाला मांडीएवढी खोडं,
वर मनगटाएवढ्या फांद्या, मग काटक्या,
गवताची ढेकळं पालथी घालून,
कुजका पाला, ग्लेनिसकडचं कोंबडीखत,
सगळ्यांवर माती.
रचता रचता मी थांबले.
आमच्याकडे लाकडं अशी रचतात ती वेगळ्याच कामासाठी.
तिला सांगितलं. तिनं चराभोवती एक चक्कर मारली.
"मला आखूड पडेल," म्हणाली,
आणि थर्मास उघडला.

सेक्रेटरी ऑडली टेप घेऊन आले.
चार फूट दोन इंच.
नियमावलीत वाफा आहे, टेकाड नाही.
म्हटलं, बसेल हो ते खाली. वय झालं की बसतंच.
त्यांनी वहीत 'बसेल' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पहिल्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली.
कुजणारं लाकूड आधी आपण जेवतं, मग इतरांना वाढतं.
ग्लेनिसला हे माहीत होतं.
तिला वाटलं, मलाही असेल.

आणि उताराच्या कुशीतून सात कोंब,
भाल्याच्या पात्यासारखी पानं.
ॲशच्या ढिगात एक ओंडका विलोचा आला होता.
आपला वाळुंजच तो, काठाकाठानं राहणारा.
मेला समजून पुरलेला.
मी कोंब ओढले. आले. परत ओढले. आले.
"त्याला मरायचं कसं ते कुणी शिकवलेलं नाही,"
ग्लेनिस म्हणाली, गुडघा चोळत.

फेब्रुवारीत पाणी फाटकावरून आत आलं.
चार दिवस टेकाडाचा फक्त माथा दिसत होता,
त्यावर लसणाची रांग आणि कुणाचा तरी लाल मग.
कडेचा एक ओंडका सुटून तरंगत गेला
तो ग्लेनिसच्या लीकमध्ये जाऊन थांबला.
परत देत नाही म्हणाली. त्यावर बसते आता.

मग मे कोरडा, जून कोरडा, जुलैत नळीला बंदी.
ऑडलींचे वाटाणे सुतळीसारखे झाले.
तीस वर्षं मी ग्लॉस्टरच्या लॅबमध्ये
लोकांच्या रक्ताच्या बाटल्या पाहिल्या,
कशाला घाबरून बोट मागे घेतलं नाही.
टेकाडात हात घातला कोपरापर्यंत.
वर राख, खाली गारवा, त्याखाली खोड:
पावासारखं भुसभुशीत, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवलेलं.
एक तुकडा पिळला.
बोटांमधून फेब्रुवारीचं पाणी आलं.

ग्लेनिसनं विचारलं, याला तुमच्यात शब्द असेल.
आहे. चिखल नाही, धूळही नाही,
मूठ वळते, आणि अंगठ्यानं दाबली की फुटते,
मुळांना पाणी मिळतं आणि श्वासही, ती वेळ. वाफसा.
"वॉफ्सा," ती म्हणाली. "इथे तो एक मंगळवार असतो.
बाहत्तर साली होता."

टेकाड आता तीन फूट एक इंच.
वाळुंजाचा एक कोंब मी राहू दिलाय, मागच्या अंगाला,
ऑडलींच्या टेपला दिसत नाही असा.
रोज सकाळी पंधरा नंबरवरून हाक येते, "वॉफ्सा?"
मी बोट खुपसते,
आणि उत्तर द्यायला जरा वेळ लावते.